ठिगळाची गाणी, गुरुवारी सहाला

गुरुवार, २

ही मापांची वही आहे. पुढून छाती-कंबर-बाही, आणि मागून आजपासून मी. चौथी पास आहे, तीही ढकलून, तेव्हा कोणी वाचलंच तर हसू नये. खरं तर वाचूच नये.

आज सहाचा कार्यक्रम ऐकताना सुई थांबली ती पुन्हा चाललीच नाही. हाताला काहीतरी हवं म्हणून पेन घेतलंय.

दर गुरुवारी सहा ते साडेसहा रेडिओवर माझी गाणी लागतात. माझी म्हणजे अमेरिकेतली. लावणारा माणूस कोण, कसा, देव जाणे. मी त्याला घोगरेबुवा म्हणते, कारण आवाज असा की घशात कोणी वाळू सांडलीय. तो आधी गाण्याची गोष्ट आपल्या भाषेत सांगतो आणि मग गाणं लावतो. शब्द मला एक कळत नाही, गाणं मात्र सगळं कळतं. ह्या गाण्यांना अमेरिकाना म्हणतात, आणि त्यांतली जी जास्त हट्टी, घर सोडून पळालेली, ती ऑल्ट-कंट्री. बुवानं एकदा फोड करून सांगितली होती, "चकचकीत टोपीवाली गाणी वेगळी, श्रोतेहो. ही कोपराला ठिगळ असलेली." मी मशीनवरच टाळी वाजवली. आमचं कपडे दुरुस्तीचं दुकान. हे कापतात, मी शिवते, रफू करते, चेनी बदलते. चाळीस वर्षं लोकांच्या कोपरांना ठिगळंच लावतेय. मग ही गाणी माझ्यासाठी नाहीत तर कोणासाठी?

तर आज बुवा शेवटी खाकरला आणि म्हणाला, "केंद्रातल्या वरच्या बाई हा कार्यक्रम बंद करायचं म्हणतायत. ऐकतं कोण, असं त्यांचं म्हणणं. पंधरा दिवसांत पन्नास श्रोत्यांची पत्रं आली, तरच ठेवू म्हणाल्या."

ह्यांना म्हटलं, "अहो, ऐकलंत का?"

"मी कशाला ऐकू? त्या रडक्या तारांनी माझी कात्री बिथरते."

पन्नास! आमच्या गल्लीत पन्नास माणसांचं एकमत कधी कचऱ्याच्या डब्यावरसुद्धा झालेलं नाही.

शुक्रवार, ३

गल्लीभर फिरून आले. मासेवाला म्हणाला, "मावशी, मी फक्त बातम्या ऐकतो, त्याही भाव कळावेत म्हणून." बेकरीवाली म्हणाली तिला गाण्यानं झोप येते आणि पाव करपतात. किल्ल्या बनवणारा म्हणाला, "त्यात नाच असतो का?" नसतो म्हटल्यावर त्यानं कानस पुन्हा सुरू केली. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी तर मलाच तोंड उघडायला लावलं. दाढ किडलीय म्हणे. असू दे.

ह्या लोकांना कसं सांगू? तीन वर्षांपूर्वी आमचा रेडिओ फळीवरून इस्त्रीच्या टेबलावर पडला आणि काटा एकाच जागी अडकला. पडला आणि शहाणा झाला म्हणायचं. त्यातून एक आवाज निघाला, सरळ न जाता वाकत वाकत गेला. रेशमाचा तागा कोणी जिन्यावरून सोडून द्यावा ना, तसा. बुवा म्हणाला, ही स्टील गिटार. त्याच वर्षी माझी थोरली बहीण गेली होती, आणि तेव्हा शाळेच्या गणवेशांची अशी घाई होती की मला रडायला सवड झाली नव्हती. ती सवड त्या गुरुवारी मिळाली. भरपूर रडले, आणि झाल्यावर इतकं हलकं वाटलं की हसतच सुटले. हे घाबरून तांब्याभर पाणी घेऊन आले.

तेव्हापासून गुरुवार चुकवला नाही. बँजोचा आवाज म्हणजे पत्र्यावर वाटाणे ओतावेत तसा. फिडल, म्हणजे त्यांच्याकडची व्हायोलिन, ती घरातली धाकटी, सगळ्यांच्या मध्ये बोलणार. आणि गाणारे पुरुष! दर गाण्यात बायको सोडून जाते आणि मागे ट्रक राहतो. ट्रक पुसतील, दुरुस्त करतील, त्याच्याशी बोलतील. तेवढं बायकोशी बोलला असता तर? पण आवाज इतका खरा की आपणच जाऊन त्याचं घर झाडून यावं असं वाटतं.

एक पत्र लिहिलं. माझं स्वतःचं, खरं. उरली एकोणपन्नास.

रविवार, ५

काल झोपताना ठरवलं. गल्ली लिहीत नाही तर गल्लीच्या वाटचं मी लिहिते. खोटं कशात आहे? एक मी ऐकते ती पन्नास जणांइतकी ऐकते.

पण शिंपिणीचं कोण मनावर घेतं? वरच्या बाईंना वजनदार माणसं लागणार. म्हणून पहिलं पत्र विमानाच्या पायलटचं लिहिलं. "आदरणीय बुवा, मी ढगांत असतो. तिथे करमत नाही. आपल्या गाण्यांमुळे विमान सरळ जातं." मग एका न्यायमूर्तींचं. मग हत्तींच्या डॉक्टरचं, त्याचा हत्ती बँजो ऐकून औषध घेतो. दोन जुळ्या नर्सची दोन पत्रं. एका पाणबुड्याचं. पाण्याखाली रेडिओ कसा लागतो ते मी खोलात जाऊन लिहिलं नाही.

पायलटचं अक्षर तिरकं काढलं, न्यायमूर्तींचं ठसठशीत. पाणबुड्याचं डाव्या हातानं, ओलं वाटावं म्हणून.

इतकी मजा मला लग्नानंतर पहिल्यांदाच येतेय. हे लग्नाआधी जास्त बोलायचे.

बुधवार, ८

सदतीस झाली. अंगठा सुजलाय. आजच्या दोन पँटी तशाच राहिल्या.

गुरुवार, ९

आज बुवानं लावलेलं गाणं एका पेट्रोलपंपाचं होतं. बाप गेल्यावर मुलगा परत येतो, पंप बंद पडलेला असतो, तरी तो रोज सकाळी पाटी पुसतो. बस्स, एवढंच. स्टील गिटार अशी काही वाकली की माझ्या हातातल्या बाहीला मी दोनदा तीच टीप मारली.

सूनबाई मला खूश करायला आली. तिच्या मोबाइलवर कोणीतरी टोपीवाला गात होता. "आई, हे पण तुमच्यातलंच ना?"

मी ऐकलं. "सूनबाई, ह्याला इस्त्री आहे."

"मग चांगलंच की!"

"इस्त्रीनं सुरकुती जाते गं, पण माणूसही जातो."

ती हसली. मी नाही हसले, मी गंभीरच होते. ह्या बाबतीत मी जरा कडक झालेय.

भिंगरी, म्हणजे माझी नात, पायाला भिंगरी म्हणून भिंगरी, ती म्हणते, "आजी, मोबाइलवर तुझी गाणी चोवीस तास मिळतात, कार्यक्रम गेला तर जाऊ दे ना." तिला कसं सांगू? कधीही वाजतं ते कधीच वाजत नाही. गुरुवारची वाट बघण्यात निम्मं गाणं असतं.

सोमवार, १३

झाली! पन्नास! भिंगरीला बसवून गठ्ठे केले. तिनं एक पाकीट उचललं, दुसरं उचललं, मग सगळीच उलटी करून बघितली.

"आजी, तू सगळी शिवलीस?"

"मग? उघडी पाठवू?"

आमच्या गल्लीत पाकीट शिवतातच. डिंकाचा काय भरवसा, दमट हवेत तोंड उघडतो. वरच्या कडेला बारीक धावदोरा आणि कोपऱ्यात उलटी टीप घातली की पोस्टमननं आपटलं तरी उसवत नाही. माझ्या सासूबाई शिवायच्या, समोरचा रफूवाला शिवतो. हे मात्र शिवत नाहीत. ह्यांनी जन्मभर कात्रीच धरली, सुईत दोरा ओवायचा तरी मला हाक मारतात.

ही पोर पोट धरून जमिनीवर लोळायला लागली. "पायलटचंही? आणि हत्तीच्या डॉक्टरचंही?"

"पायलटचं निळ्या दोऱ्यानं," मी म्हटलं. "आकाश म्हणून."

ती आणखी लोळली. हल्लीच्या मुलींना कशाचं हसू येईल सांगता येत नाही. पण गुणी आहे. पन्नास पाकिटं वेगवेगळ्या भागांतल्या पेट्यांत टाकून आली, कोणाला संशय नको म्हणून.

गुरुवार, १६

नीट लिहिते.

सहा वाजता बुवा म्हणाला, "पन्नास मागितली होती, एक्कावन्न आली." मी मशीनवरून उठून उभी राहिले. एक्कावन्न! म्हणजे जगात कोणीतरी आणखी आहे! बुवा बोलताना मध्येच थांबत होता, खोकत होता. भरून आलं असणार बिचाऱ्याला. म्हणाला, "आणि श्रोतेहो, काय सुरेख पाकिटं! पायलटसाहेबांची उलटी टीप तर बघत राहावी." बघा! कदर असलेला माणूस.

मग ते एक्कावन्नावं पत्र त्यानं वाचलं. "हे एकच डिंकानं चिकटवलेलं आहे," म्हणाला. चारच ओळी होत्या. "कार्यक्रम बंद करू नये. मला गाणी कळत नाहीत. पण गुरुवारी सहा ते साडेसहा माझी बायको ज्या तऱ्हेनं हसते, तशी ती आठवड्यात एरवी हसत नाही. माझं नाव जाहीर करू नये."

मी खो खो हसले. "अहो, ऐकलंत? काय नग आहे! बायकोला सांगायचं सोडून रेडिओला सांगतोय. डिंक लावलाय म्हणजे आपल्या गल्लीतला नाही, नाहीतर दर्शन घेऊन आले असते." हे टेबलाखाली खडू शोधत होते. खडू कानावर होता. वय झालं ह्यांचं.

आणि मग बुवानं बॉम्ब टाकला. वरच्या बाई म्हणतायत, पत्रं काय, कोणीही लिहील. माणसं बघायचीत. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या, म्हणजे सव्वीसला, सगळ्या पत्रलेखकांनी रेडिओ केंद्रात यायचं. तिथे खरे वादक वाजवणार आहेत. खुर्च्या पन्नास.

पायलट कुठून आणू? पाणबुड्या कुठून आणू?

शनिवार, १८

न नेलेल्या कपड्यांचं कपाट उघडलं. शिवायला टाकून विसरलेले, लठ्ठ होऊन लाजलेले, गाव सोडून गेलेले, सगळ्यांचे कपडे त्यात आहेत. एक निळा कोट मिळाला, सोनेरी बटणांचा, एका बँडवाल्याचा. पायलट झाला! एका वेटरचा काळा लांब कोट मिळाला, त्यात न्यायमूर्ती होतील. नर्सचे पांढरे झगे नाहीत, पण दोन सारख्या पांढऱ्या पडद्यांचे होतील.

आता आत घालायला माणसं.

मंगळवार, २१

आल्यागेल्याला धरतेय. शर्टाला बटण लावून हवंय? आधी बस, गाणं ऐक. भिंगरीच्या मोबाइलवर वाजवतो. नुसते कोट घालून चालायचं नाही, तिथे कोणी विचारलं तर आवड दिसली पाहिजे.

मासेवाल्याला पहिल्याच गाण्याला शंका. "मावशी, ह्याचा कोण गेला? कुत्रा?"

"ट्रक."

"ट्रकसाठी एवढं?"

"वडिलांचा होता रे."

त्यानं स्टूल मोबाइलजवळ ओढलं. मग म्हणाला, "पुन्हा लाव." तिसऱ्यांदा लावलं तेव्हा त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि माझ्या दुकानभर माशांचा वास झाला. त्याच्या वडिलांची हातगाडी अजून घरामागे आहे, चाक नसलेली, हे मला आजवर माहीत नव्हतं.

दातांचे डॉक्टर पाणबुड्या व्हायला तयार झाले, मी दाढ काढून घेईन ह्या अटीवर. काढली. गाण्यासाठी माणूस काय काय देतो!

शुक्रवार, २४

सगळे ठरले. न्यायमूर्ती तेवढे मिळत नाहीत. उंच, गंभीर, कमी बोलणारा माणूस हवा. भिंगरी म्हणाली, "आजी, समोर बघ." समोर हे होते.

"अहो, एक तास काळा कोट घालून बसायचं. बोलायचं काही नाही."

"मला ती गाणी सहन होत नाहीत."

"माहितीय हो. पण माझ्यासाठी?"

हे कोट घेऊन मागच्या खोलीत गेले. बाहेर आले ते केस विंचरून. वेटरच्या कोटात इतके रुबाबदार दिसत होते की मी मापाचा बहाणा करून दोनदा खांद्यावरून हात फिरवला.

रविवार, २६

आत्ताच परत आलोय, संध्याकाळचे सहा वाजलेत. सगळं क्रमानं लिहिते नाहीतर विसरेन. पण आधी एक सांगते आणि मग क्रमानं. स्टील गिटार मी पाहिली!! तिला पायडल असतात!!!

हं. आता क्रमानं.

आम्ही सेहेचाळीस जण गेलो. चौघे ऐनवेळी गळाले. दारात घोगरेबुवा. आवाजावरून मला वाटायचं चौकटीला डोकं लागत असेल, तर माणूस माझ्या खांद्याएवढा, बाह्या चार बोटं लांब. त्यानं पायलटकडे पाहिलं, पाणबुड्याकडे पाहिलं, मग सरळ माझा हात दोन्ही हातांत धरला, सुईनं टोचलेलं बोट उलटसुलट केलं आणि म्हणाला, "आजी, आज पन्नास जणांना एकदम भेटलो." बाकीच्यांना तर अजून भेटलाही नव्हता. नजर अधू असावी.

वरच्या बाई मात्र कडक. हातात यादी, कपाळाला आठी. पायलटला विचारलं, "विमानात हा कार्यक्रम लागतो?"

मासेवाला म्हणाला, "वर तर जास्त चांगला लागतो बाई. मध्ये घरं नसतात."

नर्सकडे वळल्या. एक बेकरीवाली, पिंपाएवढी. दुसरी डॉक्टरांची मदतनीस, काठीसारखी. "तुम्ही जुळ्या?"

"हो," बेकरीवाली म्हणाली. "पण मी तीन वर्षं आधी."

बाईंच्या तोंडाचा एक कोपरा हलला. पुन्हा जागेवर गेला. हत्तींचा डॉक्टर झालेल्या किल्लीवाल्याला हत्तीचं नाव विचारलं तर त्यानं घरमालकिणीचं सांगितलं. मी मनात म्हटलं, बोंबला, संपलं.

तेवढ्यात वादक बसले. फिडलवाली, बँजोवाला, आणि एक टकला माणूस आपलं टेबल घेऊन. मला वाटलं चहा ठेवायचाय. तर ती स्टील गिटार! आडवी, टेबलासारखी, वर तारा, खाली चार पायडल, आणि गुडघ्यांना लागतील असे दांडे. हात वर, पाय खाली, गुडघ्यानं ढकलायचं. अहो, माझं मोठं मशीन असंच आहे! पायानं चालवायचं, गुडघ्यानं कापड दाबणारा लोखंडी पाय उचलायचा, हातांनी फक्त वळण द्यायचं. तीन वर्षं मी ज्या आवाजाच्या प्रेमात आहे तो माणूस शिवायला बसतो तसा बसून काढतो!

मी कशी उठले मलाच माहीत नाही. गाणं चालू असताना त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. वरच्या बाई "आजी, बसा" म्हणत होत्या. गाणं संपलं आणि त्या टकल्यानं स्टूलवर जागा करून दिली. "दाबायचंय?"

चप्पल काढली. त्यानं तार छेडली, मी पायडल दाबलं. हळू, जसं बारीक कापड पुढे सरकवताना दाबतो तसं. आणि तो आवाज वाकला. माझ्या पायाखाली वाकला! पुन्हा दाबलं, पुन्हा वाकला. मी मोठ्यांदा ओरडले, काय ओरडले ते लिहीत नाही. टकला म्हणाला, "हा पाय कुठे शिकला, आजी? लोकांना वर्षं लागतात."

"चाळीस लागली," मी म्हटलं, "मलाही."

मग मला काय झालं कोण जाणे, मी वरच्या बाईंना सगळं सांगूनच टाकणार होते. की बाई, हा पायलट मासे विकतो. तोंड उघडलंही होतं. पण त्याआधी त्याच म्हणाल्या, यादी मिटवून, मागच्या रांगेकडे बघत, "एकच माणूस मघापासून काही बोललेला नाही. न्यायमूर्ती, तुमचं काय म्हणणं?"

मी डोळे मिटले. ह्यांना तर ही गाणी सहन होत नाहीत.

हे उठले. कोटाची पुढची बाजू सरळ केली. माझ्याकडे पाहिलं, मी अजून त्या स्टुलावर, एक पाय पायडलवर. घसा साफ केला. म्हणाले, "कार्यक्रम चालू ठेवावा. अपील नाही."

आणि खाली बसले.

सगळा हॉल टाळ्यांनी दणाणला. वरच्या बाई हसल्या, खरंखुरं, दात दिसतील असं. मला तर कमाल वाटली ह्यांची. न आवडणाऱ्या गोष्टीबद्दल इतकं मनापासून बोलणं म्हणजे नटाचंच काम. डोळेसुद्धा ओले आणले होते, हो!

गुरुवार, ३०

कार्यक्रम चालू! तोही तासाभराचा केला! बुवानं सहाला पहिलंच वाक्य हे सांगितलं, आणि मला ते अर्धंच ऐकू आलं. कारण दुकानात पाय ठेवायला जागा नाही. मासेवाला, बेकरीवाली, डॉक्टर, किल्लीवाला, सगळे आले आपापली स्टुलं घेऊन. डॉक्टरांचं म्हणणं बँजोच खरा, मासेवाल्याचं म्हणणं ज्याला स्टील कळत नाही त्यानं दातच काढावेत. बेकरीवाली दोघांना गप्प करायला त्यांच्याहून मोठ्यानं ओरडत होती. माझंच गाणं मला ऐकू येईना! तीन वर्षं एकटी ऐकत होते तेव्हा कसं शांत होतं. पण काय सांगू, इतकी खूश होते की रागावताच येत नव्हतं.

शेवटी हेच कडाडले, "गप्प बसा रे सगळे!" आणि रेडिओ मोठा केला.

चिडीचूप. एक लांबच लांब गाणं लागलं, नदीकाठच्या रस्त्याचं, शेवटाला फिडल एकटीच चालत सुटली. सहा चाळीस झाले असतील. तेवढ्यात ह्यांच्या टेबलावरून आवाज आला, "च्च."

जाऊन बघते तर शाळेच्या मास्तरांच्या नव्या शर्टाची कॉलर तिरकी कापलेली. चाळीस वर्षांत ह्यांची कात्री एक सूतभर चुकलेली मी पाहिली नव्हती.

हे कॉलर हातात घेऊन बसलेले. "आता मास्तर आले की काय सांगायचं गं?"

"खरं तेच सांगा," मी म्हटलं. "सांगा, फिडल चालू होती."